पास्त्याला या

अखिल महाराष्ट्राच्या हिताची एक बाब आज मी अत्यंत जबाबदारीनं जाहीर करते आहे. वाचकांनी शक्य असल्यास उभं राहून वाचावं; बसूनच वाचायचं असेल तर निदान पाठ ताठ ठेवावी. बाब अशी: पास्ता हा शब्द पुल्लिंगी आहे. तो आकारान्त आहे. म्हणून प्रत्यय लागताना त्याचं सामान्यरूप झालंच पाहिजे, आणि ‘पास्ताला’ असं न म्हणता ‘पास्त्याला’ असंच म्हटलं पाहिजे. हा निर्णय नव्वदच्या दशकात बारामतीच्या एका हायस्कुलात, शिक्षकांच्या खोलीत, मधल्या सुट्टीत झाला. ठरावाच्या बाजूनं एक मत पडलं आणि विरोधात अकरा. ठराव मंजूर झाला, कारण ते एक मत आमच्या मराठीच्या सरांचं होतं आणि बाकीच्या अकरा जणांना घंटा व्हायच्या आत चहा प्यायचा होता.

या ठरावापायी पुढं एक लग्न होता होता राहिलं, की राहता राहता होणार होतं, ते माझं मलाच नीट सांगता येत नाही. पण आधी सर.

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. त्याच शाळेत गणित शिकवायला नुकतीच लागले होते आणि सरांच्याच घरी माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. म्हणजे दिवसा सहकारी आणि संध्याकाळी घरमालक असे ते मला दुहेरी लाभले होते. उंच, सडसडीत, मान किंचित पुढं काढलेली, सतत लांबची कुठली तरी पाटी वाचत असल्यासारखी. खरं म्हणजे ते वाचतच असायचे. सदऱ्याच्या खिशात दोन खडू: एक पांढरा, एक लाल. पांढरा साध्या चुकांसाठी. लाल कशासाठी, ते मला बारामतीच्या एसटी स्टँडावर कळलं.

आम्ही दोघं पेपर तपासायला इंदापूरला निघालो होतो. समोरच्या भिंतीवर कुणीतरी जाहिरात रंगवली होती: ‘आता इंदापूरातही!’ सर उठले, लाल खडू काढला आणि भिंतीपाशी जाऊन ‘पू’चा दीर्घ उकार खरडायला लागले. तिथला राखणदार धावत आला.

“ओ मास्तर! काय लिव्हताय?”

“लिहीत नाही. चूक खोडतोय.”

“कुणाची चूक हाय?”

“सगळ्यांची.”

राखणदारानं क्षणभर विचार केला. “समद्यांची हाय तर मग ऱ्हाऊ द्या की!”

तेवढ्यात इंदापूरची गाडी लागली म्हणून, नाहीतर सर त्याला तिथंच पाठ देणार होते. तो पाठ मग मला मिळाला, पुढचे दीड तास, खिडकीच्या सीटवर. “बाई,” सर म्हणाले (शाळेत आम्ही सगळ्या बाईच), “इंदापूर एकटं असतं तेव्हा पाय लांब करून बसतं. दीर्घ पू. पण ‘त’सारखा कुणी शेजारी आला की पाय आखडून त्याला जागा देतं. इंदापुरात. ऱ्हस्व पु. एवढी माणुसकी शब्दाला कळते आणि रंगवणाऱ्याला कळत नाही?” आमच्या शेजारी तिघांच्या सीटवर पाचजण बसले होते. त्यातला एक लगेच पाय आखडून बसला.

यावरून कुणाला वाटेल की सर शुद्धतेचे कट्टर भक्त असणार आणि ‘हाय-न्हाय’ बोलणाऱ्या मुलांना सोलून काढत असणार. शाळेत नवीन येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला असंच वाटायचं. एकदा पुण्याहून बदलून आलेले एक सर वर्गात कुणाच्या तरी ‘न्हाय’ला हसले आणि ते शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगायला लागले. आमच्या सरांनी वहीतून डोकं वर काढलं.

“तो ‘न्हाय’ म्हणाला ते वेगळं आहे. चूक नाही. चूक तुमची. तुम्ही आत्ता ‘ट्रॅक्टरची ट्रॉली’ म्हणालात. माझी आई पळसदेवाकडं मेंढरांमागं हिंडली, अंगठा उठवायची, पण आयुष्यात कधी ‘ट्रॅक्टरची’ म्हणाली नाही. ‘ट्रॅक्टराची’ म्हणायची. ‘डॉक्टराला’ म्हणायची. परका शब्द दारात आला की ती त्याला आधी प्रत्यय नेसवायची आणि मगच घरात घ्यायची. तुम्ही बीएड आहात आणि शब्दांना उघडे हिंडवता!”

बदलून आलेले सर पुढं वर्षभर आमच्या सरांसमोर शक्यतो एकेका शब्दात बोलत.

वर्गातसुद्धा त्यांचं सामान्यरूप शिकवणं ऐकण्यासारखं असे. “पळसदेवाचं जुनं देऊळ कुठं असतं?” ते विचारायचे. मुलं ओरडायची, “पाण्यात!” “दिसतं कधी?” “पाणी उतरल्यावर!” “मग बाकीचे दिवस ते नसतं का?” “असतंय!” “हां. तसंच प्रत्येक शब्दाच्या पोटात त्याचं दुसरं रूप असतं. प्रत्यय लागला की वर येतं.” सरांचं स्वतःचं मूळ घर त्याच धरणाच्या पाण्याखाली होतं. ते कधी त्याबद्दल बोलले नाहीत. व्याकरणाबद्दल मात्र न बोलता एक जेवण गेलं नाही.

त्यांना एकच मुलगी. तिचं नाव त्यांनी ‘विभक्ती’ ठरवलं होतं. बारशाच्या आदल्या दिवशी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, स्पष्ट सांगितलं, “नाव ‘विभक्ती’ ठेवलंत तर पोरगी कुठल्या घरात नांदणार?” आणि पुढचा ‘वि’ काढून टाकला. राहिली भक्ती. सरांनी आयुष्यात दुसऱ्यानं केलेली एवढी एकच दुरुस्ती मान्य केली असेल.

भक्ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. मला ताई म्हणायची. पुण्याला मावशीकडं पंधरवडा राहून आली ती पास्त्याची दोन पाकिटं घेऊन. बारामतीत तेव्हा तो प्रकार नवा होता. पहिलं पाकीट आम्ही आल्या दिवशीच शिजवलं. टोमॅटो, कांदा, लसूण, आणि काकूंच्या आग्रहाखातर काळा मसाला. भक्ती समजावून सांगत होती की हे गव्हाचंच असतं, पीठ मळून त्याचे नळ्या, शंख, फुलपाखरं असे नाना आकार करतात, आणि त्या सगळ्यांना मिळून पास्ता म्हणतात. सर काही ऐकत नव्हते. ते घास तोंडात घोळवत होते, पण चव बघत नव्हते. शब्द बघत होते.

“अर्थ राहू दे,” ते म्हणाले. “अर्थ परदेशाचा असला तरी चालतो. चालवायचा कसा ते सांग. पास्ता. पास्त्यास, पास्त्याला. पास्त्यानं. पास्त्याहून. पास्त्याचा. पास्त्यात. आणि संबोधन: अरे पास्त्या!”

संबोधनाला भक्ती ताटावर कोसळली. काकू म्हणाल्या, “त्या पास्त्याला सांगा, गार होतोय.” सर खूश झाले. काकूंनी नकळत चतुर्थी बरोबर वापरली होती.

दुसऱ्या दिवशी तो ऐतिहासिक वाद झाला. इंग्रजीच्या मॅडम म्हणाल्या की पास्ता हा पाहुणा शब्द आहे, त्याला आहे तसाच राहू द्यावा. सर उसळले. “पाहुणा? ‘पाहुणा’ या शब्दाचंसुद्धा ‘पाहुण्याला’ होतं! कॅमेरा आला, त्याचं ‘कॅमेऱ्यात’ झालं. सोडा आला, ‘सोड्याची बाटली’ झाली. एकटा पास्ताच काय मोठा लागून गेलाय?” विज्ञानाचे सर म्हणाले, “मग काका, मामा, दादा? त्यांचं ‘काक्याला’ कुठं होतं?” सर शांतपणे म्हणाले, “ती नाती आहेत. पास्ता तुमचा कोण लागतो?” यावर मत घेतलं, निकाल मी आधीच सांगितला आहे.

आता बावड्याची मंडळी. भक्तीला बावड्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा नितीन, साखर कारखान्यात केमिस्ट, बोलायला बेताचा. वडिलांना सगळी पंचक्रोशी आबा म्हणायची. पांढरी टोपी, भरघोस मिशा, मोठी बागायत आणि त्याहून मोठी भावकी. बघण्याचा कार्यक्रम कांदेपोह्यांनिशी पार पडला. त्यांच्याकडून लगेच पसंती आली. भक्तीकडून काहीच आलं नाही.

“बाबा, एका बशीत माणूस कळत नाही,” ती म्हणाली. “मला त्याच्याशी बोलायचंय. आणि कळेपर्यंत मी हो म्हणणार नाही.”

“म्हणू नकोस,” सर म्हणाले. “तुझ्या तोंडून ‘हो’ आल्याशिवाय मी पुढं एक पाऊल टाकणार नाही. हा माझा शब्द.”

आणि शब्द म्हटलं की सरांच्या बाबतीत विषय संपला. काकूंना स्थळ फार आवडलं होतं. खरं सांगायचं तर सरांनाही आवडलं होतं. पण शब्द दिला होता. मग त्यांनी अशी योजना काढली की नितीनला आणि त्याच्या आईवडिलांना रविवारी सकाळी बोलवायचं, भक्तीनं उरलेल्या पाकिटाचा पास्ता करायचा, आणि मोठी माणसं खात असताना दोघांनी गच्चीवर निवांत बोलायचं. “पोहे म्हणजे त्यांनी आपल्याला बघायचं,” सर मला म्हणाले. “पास्ता म्हणजे आपण त्यांना बघायचं.” इतकं आधुनिक वाक्य बारामतीत तोवर कुणी बोललं नसेल.

त्यांनी फोन लावला तेव्हा मी तिथंच बसून वह्या तपासत होते, त्यामुळे इकडची बाजू मी शब्दशः सांगू शकते. सर फोनवर शुद्धलेखन घातल्यासारखे बोलायचे.

“आबा, येत्या रविवारी. सकाळी. पास्त्याला या… हो, हो. पास्त्याला!… अहो घाई कसली, आता वेळ घालवण्यात अर्थ नाही… सगळं भक्तीच बघणार आहे, तिच्या आवडीनं होईल… घरचेच या… छे छे, जितके याल तितका आनंदच!”

फोन ठेवून सर प्रसन्नपणे म्हणाले, “किती खूश झाले! डोळ्यांत पाणी आलं असावं. नवीन पदार्थाचं एवढं कौतुक असणारा माणूस मनानं मोठा.”

आता वाचकांच्या लक्षात आलं असेल. आमच्या आलं नाही. आमच्याकडं लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं मिळून कापडाच्या दुकानात जातात, नवरीच्या साड्या, मानपानाची लुगडी, टोप्या, उपरणी असं सगळं एका दिवसात घेतात. त्याला बस्ता म्हणतात. बस्त्याला भावकी लागते, सवाष्णी लागतात, टेम्पो लागतो. आणि मुलीच्या बापानं ‘बस्त्याला या’ असा निरोप धाडला म्हणजे मुलगी दिली. त्यापुढं बोलायचं काही उरत नाही.

बावड्याला आबांच्या घराला लागून पिठाची गिरणी होती आणि फोनच्या वेळी ती चालू होती; तिची घरघर इकडंही ऐकू येत होती. सरांनी जगातल्या इतर कुठल्याही माणसासारखं ‘पास्ताला’ म्हटलं असतं तर आबांनी ‘आँ?’ केलं असतं, कारण ‘बस्ताला’ असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही. पण सर व्याकरणाप्रमाणे बोलले. आणि आबांना व्याकरणाप्रमाणे ऐकू आलं.

रविवारी सकाळी नऊ वाजता दारात एक जीप थांबली. तिच्यामागं एक टेम्पो थांबला. जीपमधून आबा, नितीन, त्याची आई, दोन चुलते आणि आबांची आई उतरली. आजीबाई नव्वदीच्या घरातल्या, हिरवं लुगडं, काठी, आणि सगळ्यांना पुरून उरेल असा आवाज. टेम्पोतून आत्या, माम्या, चुलत्या, मेहुणे असे उतरतच राहिले. मी गणिताची शिक्षिका असल्यामुळे मोजले. बावीस. सगळ्यात शेवटी नारळाचं पोतं उतरलं.

सर हात जोडून उभे होते. चेहऱ्यावरचं हसू तसंच, फक्त ते आता कुणाचं आहे हे कळत नव्हतं. काकूंनी सतरंज्या घातल्या. माणसं ओसरीपर्यंत भरली. आत पातेल्यात सहा माणसांचा पास्ता होता.

“बराच… उत्साह आहे,” सर म्हणाले.

“आसनारच की!” आबा म्हणाले. “मास्तर, तुमचा फोन आला न् मी तसाच मारुतीपुढं नारळ फोडला. भावकीला सांगावा धाडला. बरं, कुठल्या दुकानात जायाचं? आमच्या बायकांचं म्हननं, बारामतीत तीन दुकानं तरी बघायची. बस्ता काय रोज होतो व्हय?”

ओसरीवर आत्याबाई पोलक्यातून यादी काढत होत्या.

सर पाहुण्यांकडं पाठ न करता तसेच मागं मागं चालत स्वयंपाकघरात आले. आत काकू, भक्ती आणि मी. दार लोटून घेतलं.

“बस्ता,” सर म्हणाले. “पास्ता. बस्ता.” आणि मटकन पाटावर बसले. “आकारान्त. दोन्ही आकारान्त.”

काकू पहिल्यांदा सावरल्या. “अहो, देवच देतोय तर घ्या ना. घर चांगलं, मुलगा चांगला. चला त्यांच्याबरोबर. बस्ता तर बस्ता.”

“आई,” भक्ती म्हणाली, “आज साड्या घ्यायच्यात की मला द्यायचंय?”

भक्तीच्या हातात झारा होता. ती वडिलांकडं बघत होती. बाहेर बावीस माणसं हसत होती, आणि आत एका माणसानं दिलेला शब्द होता. मला एक सोपा मार्ग दिसला. मी म्हटलं, “सर, फोन खराब होता असं सांगा. कुणीही मानेल.”

“फोनवर आळ घेऊ नका, बाई. फोन उत्तम होता.”

“मग गिरणी होती म्हणा.”

“गिरणी तिचं काम करत होती. त्यांनी बरोबर ऐकलं, मी बरोबर बोललो. दोघंही बरोबर असताना घोटाळा झाला तर तो निस्तरायचा कुणी? ज्याला जास्त कळतं त्यानं.” पण पाटावरून ते उठले मात्र नाहीत. दाराकडं बघत राहिले.

वेळ काढण्यासाठी काकूंनी पास्ता वाढायला घेतला. त्यात चार बटाटे आणि होते तेवढे वाटाणे ढकलले. तरी एकेकाच्या वाट्याला वाटीच्या तळाशी चार-चार शंख आले. आम्ही वाट्या बाहेर नेल्या. पहिली आजीबाईंना दिली. त्यांनी एक शंख बोटांत धरला, डोळ्यांजवळ नेला, नखानं दाबून पाहिला.

“अगं बाई! ह्या तर नखुल्या! वळवट हाय की ह्ये!”

सगळ्या बायका वाकल्या. वळवट म्हणजे हातानं वळलेल्या गव्हल्या, मालत्या, बोटव्या, नखानं वळलेल्या नखुल्या. लग्न ठरलं की मुलीच्या घरी बायका जमून करतात आणि लग्नात नवऱ्या मुलाकडच्यांना खिरीतून वाढतात. त्या वाट्यांत खीर नव्हती, काळा मसाला होता, पण आजीबाईंच्या नजरेला मसाला आड येत नव्हता.

“मास्तर लई पुढं गेलं रं,” आजीबाई गरजल्या. “अजून बस्ता न्हाय बांदला, तर ह्यांनी लग्नाचं वळवट शिजवून घातलं!”

हशा पिकला. एका मामीनं तर नवरीचं गाणं गुणगुणायला सुरुवात केली. म्हणजे आता बस्ताही झाला आणि वळवटही झालं. उरला होता फक्त अंतरपाट. मी घाबरून मागं पाहिलं. सर दारात येऊन उभे होते. एवढ्या आकांतात त्यांनी खिशातून खडू काढला होता, आणि लिहायला काही नाही म्हणून तो स्वतःच्या तळव्यावर टेकवत होते.

“वळवट,” ते पुटपुटले. “आजी, ते वळवट की तो वळवट?”

“अहो!” काकू आतून कडाडल्या.

त्या ‘अहो’नं सर भानावर आले. खडू खिशात गेला. ते ओसरीच्या मध्यभागी येऊन उभे राहिले, वर्गात उभे राहत तसे, दोन्ही हात मागं बांधून.

“मंडळी,” ते म्हणाले, “रस्ता. रस्त्याला.”

मंडळींनी वाट्यांतून माना वर काढल्या.

“मास्तर,” आबा म्हणाले, “रस्ता बरोबर घावला की आमाला.”

“तसं नाही. रस्ता, रस्त्याला. बस्ता, बस्त्याला. तसंच पास्ता, पास्त्याला. तुमच्या वाटीत आहे तो पास्ता. मी तुम्हाला त्याला बोलावलं होतं. बस्त्याला नाही.” थोडं थांबून ते म्हणाले, “फोन बरोबर होता. तुम्ही बरोबर ऐकलंत. मीच असा शब्द वापरला की ज्यातून दुसरा शब्द ऐकू यावा. मला मिरवायचं होतं. चूक माझी आहे, आणि मी तिची माफी मागतो.”

त्यांना चूक कबूल करताना मी तोवर पाहिलं नव्हतं. आबांनी वाटी हळूच खाली ठेवली.

“म्हंजी पोरीचं न्हाय हाय?”

“नाही असं नाही.”

“मग व्हय हाय?”

“हो असंही नाही.”

“मग काय हाय?”

“पास्ता आहे,” सर म्हणाले.

आबांच्या मिशा थरथरल्या. “मास्तर, मारुतीपुढं नारळ फोडून निगालोय मी. आख्ख्या गावानं बगितलंय. आता माघारी जाऊन काय सांगू? पास्ता खाऊन आलो?”

सर मान खाली घालून उभे राहिले, पण मधून बाजूला झाले नाहीत. आणि त्याच वेळी भक्ती बाहेर आली. हातात झारा तसाच. तिनं आबांना वाकून नमस्कार केला आणि सरळ नितीनकडं बघून म्हणाली, “पाच मिनिटं गच्चीवर येता का? तुम्हाला काही विचारायचंय.”

नितीननं आबांकडं पाहिलं. मग आईकडं. मग, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, कुणाकडंही न बघता उठला.

पाच मिनिटांची वीस झाली. खाली सर एकेका पाहुण्यापुढं पाण्याचा तांब्या फिरवत होते आणि कुणीही पाणी घेत नव्हतं. आजीबाई तेवढ्या निवांत होत्या. त्यांनी शेजारच्या सुनेची वाटीही आपल्याकडं ओढून घेतली होती.

दोघं खाली आले. नितीनचे कान लाल झाले होते. भक्ती वडिलांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“त्यांनी मला नीट उत्तरं दिली,” ती म्हणाली. “पण मला विचार करायला पंधरा दिवस हवेत. पंधरा दिवसांनी मी स्वतः कळवीन. हो असलं तरी आणि नाही असलं तरी.”

यानंतर जी शांतता पसरली तिचा फायदा घेऊन मी पुढचं सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. भक्तीनं ‘नाही’ कळवलं. तेही सतराव्या दिवशी. नकारापेक्षा त्या वरच्या दोन दिवसांचं सरांना जास्त वाईट वाटलं. नितीननं उलट टपाली तिला लिहिलं की तुम्ही विचारलेले प्रश्न मी आता इतर स्थळांना विचारतो आहे आणि फार उपयोग होतो. वर्षभरानं त्याचं लग्न ठरलं तेव्हा आबांनी सरांना मुद्दाम फोन केला. मी माडीवर होते, तरी मला रिसिव्हरातून आवाज आला: “मास्तर, बस्त्याला या! बस्त्याला! ब! बदकातला ब!” सर गेले. तिथं दुकानाच्या पाटीवर त्यांना दोन चुका सापडल्या, आणि म्हणे आबांनीच त्यांना वर चढायला स्टूल दिलं. भक्तीनं पुढं स्वतः माणूस शोधला, पण ती गोष्ट तिची आहे, ती सांगेल.

हे सगळं नंतरचं. त्या सकाळी ओसरीवर भक्ती ‘पंधरा दिवस’ म्हणाली आणि आत्याबाई यादी घडी करता करता सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, “पंधरा दिस? भाजी निवडायचीय व्हय?” चुलते उठून उभे राहिले. आबांनी टोपी झटकून डोक्यावर घातली, “चला रं, गाडी काडा,” म्हणाले, आणि सरांकडं न बघता निघाले. माणसं भराभर उठायला लागली. भक्ती तिथंच उभी होती, ताठ, पण तिचे डोळे भरून आले होते, आणि सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता.

तेवढ्यात आजीबाईंनी तिसरी वाटी फरशीवर आपटली आणि काठीनं आपल्या सगळ्या लेकरासुनानातवंडांवरून एक फेरी मारली.

“बसा खाली समदी! घिऊ द्या तिला पंधरा दिस! मला कुणी पंधरा दिस दिलं असतं, तर तुमच्यातलं एक बी आज हितं बसलं नसतं!”